आजीला विचार

बाळ,

तुझं पत्र आणि आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी लिहिलेला सोबतचा मजकूर मिळाला. 'आजोबांवर सैनिक म्हणून लिहू की शेतकरी म्हणून?' असं विचारतेस आणि खाली लिहितेस, 'ते कधी काही बोललेच नाहीत.' तुझी घालमेल कळते. पण तुझ्या चार ओळींत 'शूर' आहे, 'प्राणपणाने' आहे, 'काळ्या आईचे सुपुत्र' आहे, फक्त तुझे आजोबा नाहीत. ही पुस्तिका तालुक्यातल्या कुठल्याही माजी सैनिकाच्या वर्षश्राद्धाला वाटली तरी कुणाला फरक कळणार नाही. राग आला तर येऊ दे.

आजीला विचार.

ते १९६३ला भरती झाले आणि १९७८ला पेन्शनवर आले. वर्दीतली १५ वर्षं, त्यानंतर शेतातली ४५हून अधिक. मग त्या १५ वर्षांत तुमची जमीन काय पडीक होती? इरलं पांघरून खाचरात लावणीला कोण वाकत होतं? औतासाठी कुणाच्या दारात कोण जात होतं? मनीऑर्डर आली की त्यातून सोसायटीचा हप्ता कोण भरत होतं? त्या घरातली निम्मी शेती जिनं केली, ती अजून तुमच्या सोप्यात शेंगा फोडत बसलेली आहे आणि तू मला पत्र लिहितेस!

तिला ११ डिसेंबर १९६७ची पहाट विचार. सव्वाचार उलटून गेले होते, कोयनेचा भूकंप झाला. तुमचं गाव पाटण तालुक्यातलं, थोरले काका तेव्हा अंगावर पीत असतील. त्या थंडीत ती मूल घेऊन कुठं निजली? पलटणीला तार कुणी केली? त्यांना सुट्टी मिळाली का? मग १९७१च्या युद्धाचं विचार. तुझे आजोबा पहिल्या मराठा बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते आणि ती पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, जमालपूरला होती. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानची ३१ बलुच पलटण तिथून निसटू पाहत होती, तिला आपल्या जवानांनी वाटेतच गाठलं. तारखा पाहिल्यास का? चार वर्षांच्या अंतरानं तीच रात्र. एकदा ती उघड्यावर, एकदा ते. मी हे नुसतं तारखांवरून सांगतोय. त्या दोघांत यावर कधी काही बोलणं झालं का, ते तिलाच ठाऊक.

मी इतका मागे का लागतो, तेही ऐक. माझे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. परत आल्यावर हातपाय चालत होते तोवर शेतात राबले. एकदा शेताच्या बांधाची दगडी ताल घालताना म्हणाले, "तिकडं नदीला घराएवढा बांध असतो." मी दगड उचलून देत होतो. कुठली नदी, हे मी विचारलं नाही. ते गेले तेव्हा दहाव्याला मी भाषण केलं, माणसं रडली. त्या भाषणात एक तारीख नव्हती, एका गावाचं नाव नव्हतं. पुढं घर बांधायला काढलं तेव्हा त्यांची काळी ट्रंक मी भंगारात दिली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर होता. आतल्या कागदांना वाळवी लागली होती, दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं होतो, ठेवायची कुठं? हे सगळं खरंच आहे. पण नंबर उतरवून घ्यायला कितीसा वेळ लागला असता?  नंबर होता तो त्या झाकणावरच.

बऱ्याच वर्षांनी नामदेव जाधवांबद्दल वाचलं. ९ एप्रिल १९४५ला इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगातून वाहून आणलं, मशीनगनची ठाणी मोडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या नदीला दोन्ही बाजूंनी उंच पूरबांध होते. माझे वडील तिथं होते का? आई तेव्हा होती, पण तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती.

म्हणून सांगतो, आजीला विचार. पुस्तिका छापायला चार दिवस उशीर झाला तरी चालेल.

पदकं चौकटीत बसवली असतील तर बाहेर काढ. १९७१च्या युद्धाचं संग्राम पदक उन्हात तिरकं धर, काठावर नंबर आणि नाव कोरलेलं दिसेल. डिस्चार्ज बुक शोध, त्यात तारखा मिळतील. सापडलं नाही तर तो नंबर घालून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला आजीच्या सहीनं पत्र जाऊ दे. शौर्यपदक नाही म्हणून तू कानकोंडी होऊन लिहिलंयस, ते मला आवडलं नाही. वरच्या पट्टीतली ताल त्यांनी एकट्यानं घातली ना? पावलं टाकून ती मोज आणि किती उन्हाळे लागले, ते आजीला विचार. तेवढं एक वाक्य माझ्या त्या भाषणापेक्षा मोठं होईल.

रविवारी जा, दुपारची जेवणं झाल्यावर. लढाईचं लगेच काढू नकोस. सूप आपल्या पुढ्यात ओढ, चार शेंगा फोड आणि विचार, त्या पहाटे भिंत कुठल्या अंगाला पडली होती.