थायलंडहून परतल्यावर मुलाच्या तळपायावर रोज पुढे सरकणारी लाल, खाजरी रेघ दिसते. नायट्याचे मलम लागू पडत नाही. हे काय असावे?

वर्णनावरून हा नायटा नसून कुत्र्या-मांजरांच्या आतड्यातील अंकुशकृमी (हुकवर्म) या जंताच्या अळीचा त्वचेतील संसर्ग असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, आणि तो पूर्ण बरा होतो. किनाऱ्यावरील वाळूत या प्राण्यांची विष्ठा मिसळलेली असली, की तिच्यातील अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून आत शिरतात. मात्र माणूस हा त्यांचा नैसर्गिक यजमान (ज्याच्या शरीरात त्या वाढू शकतात असा प्राणी) नसल्यामुळे त्या सहसा वरच्या थरापलीकडे जाऊ शकत नाहीत आणि तेथेच नागमोडी वाट काढत दिवसाला काही मिलिमीटरपासून एक-दोन सेंटिमीटरपर्यंत सरकत राहतात. नायटा कडेने गोलाकार पसरतो, असा पुढे चालत नाही. बुरशीवरील मलम म्हणूनच निरुपयोगी ठरले, ते थांबवावे. पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मी हे निदान बहुधा रेघ पाहूनच करतो, रक्ततपासणीची गरज क्वचितच पडते. आयव्हरमेक्टिन किंवा अल्बेंडाझोल हे तोंडावाटे घ्यायचे औषध यावर गुणकारी आहे, परंतु मात्रा मुलाच्या वजनावर ठरते आणि 15 किलोखालील मुलांना आयव्हरमेक्टिन सहसा देत नाहीत, त्यामुळे कृपया दुकानातून ते स्वतःहून आणू नका. घरातील इतरांना स्पर्शाने हा संसर्ग होत नाही, तेव्हा मुलाला वेगळे ठेवू नका. अर्थात, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान पक्के म्हणता येणार नाही. खाजवून जखमेत पू झाला, पाय सुजला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.