‘परिधान संवेदन’ कशाला? ‘लागणे’ आहे ना!

प्रश्न : वायरलेस इयरफोन कानात बसवला की गाणं आपोआप सुरू होतं आणि काढला की थांबतं. माझ्या ॲपच्या मराठी मेनूत या सोयीला ‘परिधान संवेदन’ असं नाव दिलंय. हे बरोबर आहे का? आणि आम्ही नागपूरची माणसं ‘इयरफोन कानात टाकला’ म्हणतो, ते चूक आहे असं माझी पुण्याची जाऊ म्हणते. खरं काय? (एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : ताई, तुमच्या मेनूतला तो ‘परिधान’ मला गेली काही वर्षं सगळीकडे छळतोय. हेल्मेट परिधान करा, मास्क परिधान करा, ओळखपत्र परिधान करा. ‘परि’ म्हणजे सभोवती आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे. अंगाभोवती घ्यायचं ते परिधान. पीतांबर परिधान करावा, त्याला माझी हरकत नाही. कानाच्या भोकात जाऊन बसणारी बोटाच्या पेराएवढी वस्तू परिधान कशी करणार?

शिवाय मराठीत अंगावर चढवायचं असं एकच एक क्रियापद कधी नव्हतंच. साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात, दागिने लेतात, टिकली लावतात. वस्तू अंगाशी कशी जुळते ते बघून क्रियापद ठरतं. एवढी श्रीमंती असताना सगळ्यावर ‘परिधान’चं एकच झाकण कोणी आणि का घातलं, हे मला खरोखर कळत नाही. चष्मा लावतो, फोन कानाला लावतो, तसा इयरफोनही लावतो. झालं.

पण ‘लावणे’ म्हटलं की मागे ‘लागणे’ उभं असतं. दिवा लागतो, आपण लावतो. दार लागतं, आपण लावतो. सवय लागते, आपण लावतो. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या ‘लागणे’त आहे.

संस्कृत धातू ‘लग्’, म्हणजे चिकटणे, भिडणे. त्याचं भूतकाळवाचक रूप ‘लग्न’, चिकटलेलं. प्राकृतात त्याचं ‘लग्ग’ झालं. मराठीत येताना जोडाक्षर सुटलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला : लाग. हा नियम अगदी ठरलेला आहे. अग्नि, अग्गि, आग. नग्न, नग्ग, आणि त्यावरून नागडा. लग्न, लग्ग, लाग. म्हणजे ‘लाग’ आणि ‘लग्न’ हा मुळात एकच शब्द. एक प्राकृताच्या पायवाटेने चालत घरी आला, दुसरा संस्कृतातून जसाच्या तसा उचलून आणला. लगत, लगट, लागवड, लागण हे सगळे त्याच घरातले.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लग्नसराईत दरवर्षी कोणीतरी व्यासपीठावरून सांगतं, की दोन कुटुंबं एकमेकांना ‘लागतात’ म्हणून त्याला लग्न म्हणायचं. ऐकायला गोड आहे, पण ते तसं नाही. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला त्या क्षणी जी रास लागलेली असते तिला लग्न म्हणतात. त्या मुहूर्तावर विवाह लावायचा म्हणून ती लग्नघटिका, आणि घटिकेचं नाव पुढे अख्ख्या समारंभाला मिळालं. चिकटलेली असते ती रास. मंगलाष्टकं संपेपर्यंत भटजींची नजर घड्याळावर का असते, याचा तरी या व्याख्यात्यांनी विचार करावा.

आता ‘लागणे’चा पसारा बघा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) या एका क्रियापदाखाली अर्थांची रांगच्या रांग आहे. भूक लागते, ठेच लागते, दूध बुडाला लागतं, गाडी लागते म्हणून उलटी होते, बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीला, बस फलाटाला लागते. आपल्याकडे मे महिन्यात ऊन लागतं आणि माणूस आडवा होतो. नात्यातही तेच : तो माझा मामा लागतो. आणि आपल्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत तर कर्तव्यही लागतं : ‘मले जा लागते’, ‘काम करा लागते’.

यातला एक गट मला सगळ्यात प्रिय आहे, आणि तुमच्या इयरफोनचा संबंध त्याच्याशीच आहे. चाहूल लागते. कुणकुण लागते. सुगावा लागतो. पत्ता लागतो. शोध लागतो. मराठीत जाणण्याच्या क्रिया अशा ‘लागणे’नं होतात आणि जाणणारा कर्ता म्हणून येत नाही, चतुर्थीत बसतो : मला चाहूल लागली. मी काही केलं नाही. बाहेरून काहीतरी आलं आणि मला येऊन भिडलं. मराठी माणसाने ज्ञान म्हणजे काय हे या वाक्यरचनेत बांधून ठेवलंय, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना हे व्याकरणातलं किरकोळ वळण वाटतं, त्यांनी ‘मी चाहूल लागलो’ असं एकदा म्हणून बघावं.

म्हणून ‘संवेदन’ आणि ‘संवेदक’ हे परिभाषा बनवणाऱ्यांचे लाडके शब्द मला इथे पटत नाहीत. विद् म्हणजे जाणणे. वेद, विद्या, वेदना सगळे तिथूनच. त्याला आत जाणणारा कोणीतरी हवा. इयरफोनच्या आत कोण बसलंय?

आत काय आहे ते सांगतो. बडच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या त्या बोंडाच्या, कानाकडच्या बाजूला काळ्या काचेसारखी इवलीशी टिकली दिसते. तिच्यामागे अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारे) किरण सोडणारा एक बारीक दिवा असतो आणि परत येणारा किरण टिपणारा एक डायोड. बड कानात बसला की किरण कातडीवर आपटतो, मागे फिरतो आणि डायोडला लागतो. बघा, दुसरं क्रियापद सुचतच नाही! ॲपलचे पहिले एअरपॉड्स २०१६ साली आले, त्यात प्रकाशावर चालणारे असे दोन सेन्सर होते आणि जोडीला हालचाल ओळखणारा ॲक्सिलरोमीटर.

पण नुसत्या अवरक्त किरणाला समोर काय आहे ते कळत नाही, काहीतरी जवळ आहे एवढंच कळतं. उन्हाळ्यात दुपारी बर्डीवर उभं राहा. गाडीवरची प्रत्येक मुलगी डोकं, कान, तोंड सगळं दुपट्ट्यात घट्ट गुंडाळून निघालेली असते. दुकानदाराशी बोलायला तिने बड काढला आणि त्याच दुपट्ट्याच्या घडीत खोचला, तर गाणं खुशाल चालू राहू शकतं. टिकलीसमोर कापड आलं, किरण परतला, आणि त्या सेन्सरच्या लेखी कापड काय अन् कातडी काय. मुठीत धरला तरी तेच, पँटच्या खिशात टाकला तरी तेच.

यावरचा उपाय फार सुंदर आहे. २०२१ सालच्या तिसऱ्या पिढीच्या एअरपॉड्समध्ये खास त्वचा ओळखणारा सेन्सर आला. तो वेगवेगळ्या तरंगलांबीचे अवरक्त किरण सोडतो आणि त्वचेतलं पाणी हुडकतो. १४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पाणी भरपूर पिऊन टाकतं, त्याहून आखूड लांबीचा अवरक्त प्रकाश तितका पीत नाही. दोन्ही किरण किती परतले याची तुलना केली की समोर ओलसर, जिवंत कातडी आहे की कोरडा दुपट्टा, हे निराळं काढता येतं. काही इयरफोन वेगळ्या वाटेने जातात आणि विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवून धरायची क्षमता, मोजतात. आपलं शरीर पाण्याने आणि क्षारांनी भरलेलं, वीज वाहू देणारं. ते जवळ आलं की धारिता बदलते. मोबाइलच्या पडद्याला बोट कळतं ते असंच. मात्र घामाचा थेंब नेमका तिथे जाऊन बसला तर ही पद्धत गोंधळू शकते, आणि नागपुरात मार्च उजाडला की घामाला काय तोटा!

आता मराठीत हा फरक किती सहज मांडता येतो बघा. पहिल्या प्रकारच्या सेन्सरला नुसती चाहूल लागते. कोणीतरी जवळ आलंय, कोण ते माहीत नाही. दुसऱ्याला कातडीच लागते. ‘परिधान संवेदन’मध्ये हे दोन्ही एकाच डब्यात जातात.

आणि अख्खी घटना एका क्रियापदात मावते : बड कानाला लागला, त्याला कानाची चाहूल लागली, गाणं वाजू लागलं. तीन वेळा ‘लागणे’, तिन्ही वेळा वेगळं काम, आणि तिन्हींच्या मुळाशी तोच लग्ग. वर ‘कानाशी लागणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे आधीपासूनच आहे. कानाजवळ तोंड नेऊन, दुसऱ्या कोणाला कळू न देता सांगणं. त्यात चहाडीचा वास येतो, हे खरं. पण शेजारच्याला ऐकू न जाता एकाच कानात सांगणं, हे इयरफोनचं काम त्यात तंतोतंत उतरलंय.

तेव्हा मेनूत लिहायचं असेल तर सरळ लिहावं : ‘कानाला लावताच सुरू, काढताच बंद’. बटणापुरतं नामच हवं असेल तर ‘कानचाहूल’. अडीच मात्रांच्या जागेत समासाचा डोंगर रचायची गरज नाही, आणि वाचणाऱ्याला कोशही उघडावा लागणार नाही.

राहिलं तुमचं ‘टाकणे’. तुमच्या जाऊबाईंकडे सडा घालतात आणि रांगोळी काढतात. विदर्भात सडा टाकतात आणि रांगोळीही टाकतात. घालणे या अर्थाने ‘टाकणे’ हा आपल्याकडचा रुळलेला वापर आहे. त्यावर हिंदीतल्या ‘डालना’ची सावली पडली असेलही. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषिक राज्याची राजधानी होतं, दोन्ही भाषा एकाच अंगणात नांदल्या. पण सावली पडली म्हणून शब्द चुकीचा ठरत नाही, आणि पुण्याचा वापर तो मराठीचा वापर हे कुठल्या व्याकरणात लिहिलंय ते मला तरी सापडलेलं नाही. एकच अडचण आहे. कानात औषधाचे थेंबही टाकतात. ‘आजी, कानात टाकलं का?’ असं विचारलं तर काय ते पुढे सांगावं लागतं, ‘लावलं का’मध्ये तो घोळ होत नाही. म्हणून मेनूसाठी मी ‘लावणे’ निवडलं. घरात बोलताना तुम्हाला कोणी टोकायचं कारण नाही.