रात्री डॉक्टरांना फोन करताना

प्रिय मुली,

नाईटला डॉक्टरांना उठवायची भीती वाटते, असं तू लिहिलंस. वाटणारच. पलीकडचा रेसिडेंट कालपासून ड्यूटीवर असतो, त्याचा आवाज चढतो. ते मनावर घेऊ नकोस, पण फोन टाळूही नकोस.

"सर, सात नंबरला बरं वाटत नाहीये," एवढ्याने झोपेतल्या माणसाला काही कळत नाही. आधी पेशंटजवळ जा, बीपी-पल्स स्वतः घे. श्वास पूर्ण मिनिटभर मोज. चार्टवर सगळ्यांचेच श्वास २० लिहिलेले असतात, आणि पेशंट बिघडतो तेव्हा बऱ्याचदा पहिला फरक तिथेच पडतो. मग केस पेपर हातात धरून सांग: "सर, सर्जरी वॉर्डातून बोलतेय. बेड सात, काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. तासापूर्वी बीपी ११०/७० होतं, आता ९०/६०. पल्स १२४, श्वास २८. चार तासांत युरिन फक्त ४० एमएल. मला आत ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही लगेच येऊन बघा."

याला एसबार म्हणतात: परिस्थिती, पूर्वेतिहास, आपला अंदाज, विनंती. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून ही पद्धत दवाखान्यांत आली. आपल्या मुली शेवटचे दोन भाग गाळतात, कारण निदान करणं आपलं काम नाही असं मनावर ठसलेलं असतं. अगं, शंका बोलून दाखवणं म्हणजे निदान नव्हे. पेशंटजवळ तू आहेस, तुला दिसलेलं त्यांना दिसलेलं नाही.

फोनवरची ऑर्डर लिहून घे आणि लगेच वाचून दाखव: औषध, डोस, कुठून द्यायचं. इन्सुलिनला तर हे सोडूच नकोस. आपल्याकडे एका एमएलमध्ये ४० आणि १०० युनिट, दोन्ही ताकदीच्या व्हायल मिळतात. १००ची व्हायल ४०च्या, लाल टोपीच्या सिरिंजने भरली तर अडीचपट डोस जातो. कागदावर 'युनिट' पूर्ण लिही. नुसता इंग्रजी 'यू' घाईत शून्यासारखा दिसतो आणि १०चे १०० होतात.

उत्तर पटलं नाही तर पुन्हा एकदा स्पष्ट सांग. तरीही कोणी आलं नाही तर इनचार्ज सिस्टरला कळव, सीनियर डॉक्टरांना फोन लाव, वेळ नोट्समध्ये लिही. ही चुगली नाही.

वॉर्डातल्या फोनशेजारी ऑन-कॉल डॉक्टरांचे नंबर लावलेत का, ते आज बघ. नसतील तर ड्यूटी संपायच्या आत तूच लिहून लाव.

तुझी,
जुनी इनचार्ज सिस्टर