कराराचा कोश पळवला, मग देव हरला का?

प्रश्न: बायबलमधलं १ शमुवेल हे पुस्तक वाचतेय. चौथ्या अध्यायात इस्राएलचे शत्रू पलिष्टी लोक लढाई जिंकतात आणि कराराचा कोशच उचलून नेतात. ज्या पेटीत दहा आज्ञांच्या पाट्या, जिच्यावरच्या करुबांमध्ये, म्हणजे पंखवाल्या स्वर्गीय आकृत्यांमध्ये, देव विराजमान आहे असं मानायचे, तीच शत्रूकडे? म्हणजे देव हरला असंच झालं ना? आणि हरला नसेल तर जाऊ का दिली?

उत्तर: त्या काळच्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने सरळ हो म्हटलं असतं. तेव्हा लढाई जिंकली की हरलेल्यांचा देवही लुटीत यायचा, बाबेलच्या मार्दुक देवाची मूर्ती एलामवाल्यांनी अशीच नेली होती, आणि मवाबचा राजा मेशा तर इ.स.पू. नवव्या शतकातल्या आपल्या शिलालेखात चक्क कोरून ठेवतो की मी याहवेची, म्हणजे इस्राएलच्या देवाची, भांडी घेतली आणि आमच्या कमोश देवापुढे ओढत नेली. पलिष्ट्यांनी कोश आपल्या अश्दोद शहरात नेऊन आपला देव दागोन ह्याच्या मूर्तीशेजारी ठेवला तो ह्याच हिशोबाने, की बघ बाबा, तुझ्यासाठी कैदी आणलाय.

पण गोष्ट सांगणाऱ्याला तो हिशोबच मान्य नाही. नीट बघा, कोश रणांगणावर गेलाच कसा. पहिल्या लढाईत इस्राएलचे ४,००० पडले, तेव्हा वडीलधारे आपसात विचारतात की परमेश्वराने आज आपल्याला का मारलं. प्रश्न अगदी बरोबर, पण उत्तराची वाटच बघत नाहीत, स्वतःच ठरवतात की शिलोच्या मंदिरातून कोश आणू म्हणजे तो आपल्याला वाचवेल. तो म्हणजे कोण, देव की पेटी, हे मूळ हिब्रूतही दोन्ही अर्थांनी वाचता येतं, आणि मला वाटतं गोम तिथेच आहे. कोश आल्यावर छावणीत असा जयघोष झाला की जमीन दणाणली आणि पलिष्टी घाबरले, पण घाबरून पळायच्या ऐवजी जास्त जोरात लढले. ३०,००० मेले. त्यामुळे माझं मत असं की पलिष्ट्यांनी कोश पकडायच्या आधीच इस्राएलने त्याला हत्यार म्हणून वापरायला काढलेलं, देव हातात सापडतो असं दोघांनाही वाटत होतं.

आता एक गंमत, जी भाषांतरात सगळी विरून जाते. हिब्रूत गौरव म्हणजे काबोद, आणि जड म्हणजे काबेद, अक्षरं तीच. शिलोचा याजक एली ९८ वर्षांचा, दिसत नाही, वाटेकडे कान लावून आसनावर बसलेला. आपली दोन्ही मुलं मेली हे ऐकून तो बसून राहतो, कोश गेला हे ऐकल्यावर मात्र मागच्या मागे पडतो आणि मान मोडून मरतो, कारण तो म्हातारा होता आणि *जड* होता. त्याची सून बाळंत होता होता मरते आणि मुलाचं नाव ठेवते ईखाबोद, गौरव इस्राएलातून गेलं. आणि गेलं ह्यासाठी तिने वापरलेला शब्द परदेशी हद्दपार होण्याचा आहे. पुढच्याच अध्यायात अश्दोदवर परमेश्वराचा हात *जड* होतो. म्हणजे गौरव गेलं खरं, पण जिथे गेलं तिथे वजन पडायला लागलं.

दागोनचं तर माहितीच असेल. पहिल्या सकाळी तो कोशापुढे पालथा, अश्दोदवाले त्याला उचलून जागेवर ठेवतात (ज्या देवाला उचलून ठेवावं लागतं तो कसला देव, हे लेखक बोलत नाही, नुसतं दाखवतो), दुसऱ्या सकाळी मुंडकं आणि हात तुटून उंबऱ्यावर. मग लोकांच्या अंगावर गाठी उठतात, कोश अश्दोदहून गथला, गथहून एक्रोनला, आणि एक्रोनवाले तर तो येताना बघूनच ओरडतात की आम्हाला मारायला आणला. ७ महिन्यांनी सोन्याच्या ५ गाठी आणि ५ उंदीर सोबत देऊन कोश परत. नवी गाडी, कधी जू न ठेवलेल्या दोन दुभत्या गाई, वासरं घरी कोंडलेली. खरं तर त्या गाई मागे फिरायला हव्यात, पण त्या हंबरत हंबरत सरळ इस्राएलातल्या बेथ-शेमेशच्या रस्त्याला लागतात. मला तो हंबरडाच लक्षात राहतो, म्हणजे त्यांना जायचं नव्हतं तरी गेल्या.

हरला नाही तर जाऊ का दिली, ह्याचं एका वाक्यात उत्तर पुस्तक देत नाही. एलीच्या मुलांचं पाप आधी सांगितलंय, ते एक कारण, पण तेवढ्यावर थांबू नका कारण बेथ-शेमेशला आपल्याच लोकांनी कोशात डोकावलं आणि तिथेही माणसं मेली. म्हणजे शत्रूला शिक्षा आणि आपल्यांना सूट असा मामला नाहीच. बेथ-शेमेशचे लोक तेव्हा काय म्हणाले माहितीये? आता हा इथून कुणाकडे जाईल. मग किर्याथ-यारीम गावाला निरोप धाडला, पलिष्ट्यांनी कोश परत पाठवलाय, खाली या आणि तुमच्याकडे घेऊन जा.