पहिली हाफ आयर्नमॅन करायचीय, पण फ्रीस्टाइल येत नाही, विहिरीत पोहायला शिकलोय. जमेल का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. वय ४१, नोकरी सांभाळून वर्षभरात गोव्याची हाफ आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायची स्पर्धा) होईल का, सायकल कोणती घ्यावी, आणि लहानपणी विहिरीत शिकलेलं डोकं वर काढून पोहणं तिथं चालतं का. पहिल्या दोनवर इथं बरीच उत्तरं आलीत. मी तिसऱ्यासाठी लिहितोय, कारण अगदी हाच प्रश्न मी २०१९ च्या शेवटी एका टँकच्या काठावर उभा राहून तिथल्या कोच सरांना विचारला होता आणि दहावी-बारावीच्या पोरांच्या अख्ख्या बॅचसमोर ते म्हणाले होते, "हे असलं विहिरीतलं पोहणं तिथं चालत नाही, सत्तर मिनिटांत तुम्हाला पाण्यातनं बाहेर काढतील, उगाच पैसे घालवू नका."

चालतं. आधी हे डोक्यात पक्कं करा. नियमात स्ट्रोकची सक्ती नाही, ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे आपलं बेडकासारखं पोहणं मारा, पाठीवर पडून जा, दम लागला तर कयाकला (मदतीच्या छोट्या होडीला) किंवा बोयाला (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या फुग्याला) धरून थांबा, फक्त त्याला धरून पुढं सरकायचं नाही एवढंच. पोहायचं अंतर १.९ किलोमीटर, त्याला मर्यादा सत्तर मिनिटं. म्हणजे शंभर मीटरला तीन मिनिटं चाळीस सेकंद. ज्याचं बालपण विहिरीत गेलंय त्याला हा वेग अवघड नाही, अवघड आहे ते तासभर न थांबता हात मारत राहणं, आणि ते कोणताही माणूस सवयीनं शिकतो.

माझं तासगाव तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. टँक घरापासून पंचवीस किलोमीटर, त्या दिवसानंतर तिथं पाऊल टाकायची इच्छाच राहिली नाही. कृष्णेत उतरायचं म्हणलं तर आमच्या पट्ट्यात मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरकडच्या कुणालाही विचारा. राहिली मळ्यातली विहीर. याच विहिरीत अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी सात वर्षांचा असताना माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला ढकललं होतं, नंतर मुटके मारून मारून आम्ही पोरांनी तिचं पाणी गढूळ करून सोडलं. पण त्यात १.९ किलोमीटर कसं पोहायचं? विहीर चाळीस फूट व्यासाची. कडेपासून हातभर-दोन हात आत राहून गोल फिरलं तर एक फेरा साधारण तीस मीटरचा होतो, दोरी लावून मोजला. म्हणजे चौसष्ट फेरे.

आता चौसष्ट फेरे पोहता पोहता मोजणं होत नाही, वीस-बावीसनंतर आकडा हरवतोच. मग अण्णा पायरीवर येऊन बसायला लागले. डाव्या बाजूला चौसष्ट खडे, माझा एक फेरा झाला की एक खडा उजवीकडं. सोळा झाले की ते पायरीवर खडा आपटायचे, तो आवाज हात मारतानाही ऐकू येतो, मग मी दिशा बदलायचो कारण एकाच बाजूनं फिरलं की गरगरतं आणि एकच खांदा भरून येतो. सकाळी साडेपाचला, थंडीत घोंगडं पांघरून, वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते असे बसायचे. पहिल्यांदा चौसष्ट पुरे केले तेव्हा एक तास सव्वीस मिनिटं लागली होती. काही न बोलता त्यांनी सगळे खडे परत डावीकडं घेतले आणि म्हणाले, उद्या.

स्पर्धा २०२० ला भरायची होती, पण करोनामुळं २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं ती झालीच नाही. लोक म्हणाले नशीब वाईट, मला ती दोन वर्षं पावली. मिलिंद सोमणांनी २०१५ ला झुरिकची फुल आयर्नमॅन (हाफच्या दुप्पट अंतराची) केली तेव्हापासून हा शब्द डोक्यात होता, त्यात आणखी दोन वर्षं काय जास्त नव्हती. विहिरीतली वेळ हळूहळू एक तास पाच मिनिटांवर आली. मग दोनदा मालवणला जाऊन चिवला बीचवर पोहलो, आणि तिथं कळलं की खारं पाणी माणसाला वर धरतं, विहिरीच्या पाण्यात पाय बुडतात तसे बुडत नाहीत. विहिरीवाल्यासाठी समुद्र हलका आहे, लाटांचं भय गेलं की. ते भय मात्र समुद्रात उतरूनच जातं, त्याला दुसरा उपाय नाही. किमान तीन-चार वेळा तरी समुद्रात उतरा, जाणकार माणूस बरोबर घेऊन.

१३ नोव्हेंबर २०२२, मिरामार. आमच्याकडं तेव्हा द्राक्षाच्या फळछाटणीचा हंगाम, दुकानात श्वास घ्यायला वेळ नसतो, शेवटचे दोन महिने मी पहाटे साडेतीनला उठून सायकल नाहीतर पळणं उरकायचो आणि नऊला काउंटरवर. तर ते असो. गोव्याचं पाणी कोमट, म्हणून वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी सूट) नाही, पायाला टायमिंग चिप, आणि चार-पाच जणांना काही सेकंदांच्या अंतरानं सोडत होते. पहिली दोनशे मीटर लाथा बसतात. माझ्या गॉगलवर एकाची टाच बसली, डाव्या काचेत पाणी, तसाच पुढं गेलो. पण एक सांगतो, फ्रीस्टाइलवाल्यांचं तोंड पाण्यात, त्यांना दर सात-आठ हातांनी मान वर काढून बोया शोधावा लागतो, माझं डोकं वरच, बोया सतत समोर, मी सरळ रेषेत चाललोय आणि चांगले चांगले पोहणारे डावी-उजवीकडं भरकटतायत. अर्ध्या वाटेवर एक पोरगा कयाकला धरून होता, मागनं बघितला होता मी त्याला, स्ट्रोक असा की बघत राहावं, पण टँकच्या बाहेर पहिल्यांदाच आला असावा, श्वास लागला होता आणि डोळे मोठे झालेले. त्याला म्हणलं पाठीवर हो, आकाशाकडं बघ, दहापर्यंत मोज. पुढं त्याचं काय झालं माहीत नाही, फिनिश केलं असेल अशी आशा आहे. मी वाळूवर उभा राहिलो तेव्हा घड्याळात ५८ मिनिटं होती.

त्या सरांना माझं एवढंच म्हणणं आहे की ज्याला तंत्र येत नाही त्याला तंत्र शिकवा, पण पाण्याची भीती नसणं ही जी गोष्ट खेड्यातला माणूस घेऊन येतो तिला कवडीमोल ठरवू नका. ती टँकमध्ये सहा महिन्यांत शिकवता येत नाही. माझ्यासारखे किती जण त्या काठावरनंच परत गेले असतील याचा मला आजही राग येतो.

सायकल ९० किलोमीटर, ३ तास ५० मिनिटं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, वारा आणि ऊन. दर तासाला चिक्की, राजगिऱ्याचा लाडू आणि ओआरएस, हेच सरावात खाल्लं होतं म्हणून पोटानं साथ दिली. रन मात्र वाईट गेला. दुसऱ्या निम्म्यात चालत-पळत होतो, अण्णा रस्त्याच्या कडेला उभे, हातात ताकाची बाटली, आणि मला ती घेता आली नाही कारण बाहेरच्या माणसाकडनं काही घेतलं तर कारवाई होते. हात जोडले आणि पुढं गेलो. संध्याकाळपर्यंत ते गप्प होते, नियम समजावून सांगितला तरी. घरच्यांना हे आधी सांगा, हात जोडून विनंती आहे. एकूण ७ तास ५५ मिनिटं, मर्यादा साडेआठ तासांची.

आता जे आधी लिहायला पाहिजे होतं ते. ब्रेस्टस्ट्रोकच्या किकनं गुडघ्याची आतली बाजू दुखते, माझा रन बिघडला त्यात त्याचा वाटा होता, पाय ताजे राहत नाहीत. फ्रीस्टाइलला पाय वाचतात हे खरंय, आणि मी स्वतः २०२३ पासून फ्रीस्टाइल शिकलो, दुसऱ्या एका मॅडमकडं. तुमच्याकडं वर्ष आहे तर शिका, नाही जमली तर अडून बसू नका. विहिरीत एकटं उतरू नका, कितीही येत असलं तरी काठावर पोहता येणारा माणूस पाहिजे. चाळिशी पार केलीय तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या. वर्षात होईल का, तर आज दहा किलोमीटर न थांबता पळत असाल तर होईल, नाहीतर दीड वर्ष धरा.

सायकल सेकंडहँड अ‍ॅल्युमिनियमची रोडबाईक घ्या, मी ३८ हजाराला घेतली होती, फक्त फ्रेमचं माप तुमच्या उंचीला बरोबर पाहिजे आणि पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे. विहिरीचा व्यास मोजून खाली कॉमेंटमध्ये लिहा, फेरे किती होतात ते काढून देतो.