कुमासीच्या अंत्यविधीला पांढरा कुर्ता? कृपया नको

तुमची पोस्ट वाचली आणि सकाळचा चहा गार झाला. ड्रायव्हरची आई गेली, शनिवारी घानातल्या कुमासीला जायचंय आणि कंपनीच्या 'रंगांचे अर्थ' या पानावर 'पांढरा म्हणजे पावित्र्य, लाल म्हणजे रक्त' असं छापलंय, म्हणून पांढरा कुर्ता घालू का, असं तुम्ही विचारलंय. असलंच पान आमच्याही माथी मारलं होतं.

शनिवारी साधा काळा घाला. रविवारी चर्चमधल्या आभाराच्या प्रार्थनेला थांबणार असाल तर पांढरा किंवा काळा-पांढरा बरोबर घ्या. एकच अडचण आहे, तुम्ही आईचं वय लिहिलेलं नाही. खूप म्हातारं माणूस नातवंडं-पतवंडं बघून गेलं असेल तर अकान, म्हणजे तिथल्या बहुसंख्य समाजाच्या, घरांत त्या मरणाचं सोनं झालं असं मानतात, आणि मग शनिवारीसुद्धा काळा-पांढरा किंवा नुसता पांढरा ठरू शकतो. हे आबुसुआपानयिन, म्हणजे आईकडच्या कुळाचा कारभारी, आणि घरची वडीलधारी मंडळी ठरवतात. ड्रायव्हरला विचारा, किंवा मयताचं पोस्टर बघा. बहुतेक वेळा खाली रंग लिहिलेले असतात.

आता त्या पानाबद्दल. ते लिहिणाऱ्या ऑफिसचं नाव घेत नाही, पण उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते तिथे शिकायला मिळेल. आमच्या वर्कशॉपमधला एक तरुण फिटर अपघातात गेला. ऑफिसचं परिपत्रक आलं : भारतीय कर्मचाऱ्यांनी पांढऱ्या कपड्यांत जावं, पांढरा सर्वत्र आदराचा रंग आहे. आपल्याकडे मयताला पांढरंच घालतात, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. मंडपात पोचलो तर सगळीकडे लाल आणि काळं. जवळचे नातेवाईक लाल कापडात, डोक्याला लाल पट्ट्या, आणि मधोमध इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले आम्ही. तिथे पांढरं घालतात ते बारशाला, बाळंतिणीला, खटला जिंकल्यावर. ऐन तिशीतल्या पोराच्या मयताला आम्ही आनंदाचे कपडे घालून उभे! त्याचा मामा काही बोलला नाही. आम्हाला मागच्या रांगेत खुर्च्या दिल्या, पाण्याच्या पिशव्या दिल्या. पण त्यानंतर कित्येक दिवस वर्कशॉपमधली माणसं आमच्याशी कामापुरतंच बोलायची, आणि ते मला जास्त लागलं. अकानांत कूळ आईकडून चालतं, तेव्हा मामाचं मौन म्हणजे साऱ्या घराचं मौन. ऑफिसला कळवलं तर उत्तर आलं, 'मजकूर मंजूर आहे, सूचना असल्यास फॉर्म भरा.' फॉर्म भरला. पान अजून तेच आहे, हे तुमच्या पोस्टवरून कळलं!

त्या पानावरचं एकेक वाक्य खोटं नाही, हीच तर पंचाईत आहे. पिवळा-सोनेरी म्हणजे राजवैभव आणि संपत्ती, हिरवा म्हणजे पीकपाणी आणि वाढ, निळा म्हणजे शांतता. केंटेच्या, म्हणजे तिथल्या हातमागावरच्या रंगीबेरंगी कापडाच्या, बाबतीत हे सगळं चालतं. पण तोच लाल मयतात दुःखाचा असतो, आणि संपावर गेलेले लोक दंडाला बांधतात तेव्हा संतापाचा. काळ्यात दुःखही आहे आणि जुनेपणाचा, पूर्वजांचा मानही. प्रसंग, दिवस आणि मृताशी नातं सोडून नुसत्या रंगाचा अर्थ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. मी अकान नाही, माझं सगळं कुमासीच्या आसपास पाहिलेलं आहे. फांटे, म्हणजे किनाऱ्यावरच्या अकान लोकांकडे थोडं वेगळं असू शकतं.

आणि लाल अंगभर घालू नका. तो घरच्यांचा. तुम्ही सहकारी, तुम्हाला काळा शोभतो.

कापड घ्यायचंच असेल तर कुमासीजवळच्या एन्तोन्सोला जा. तिथे झाडाची साल कुटून मोठ्या पिंपांत उकळतात आणि त्या काढ्याचा शाईसारखा दाट रंग करतात. भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्यावर नक्षी कोरलेली असते, मागे बांबूच्या काड्यांची मूठ. तो ठसा शाईत बुडवून कापडावर हलकेच डोलवत टेकवायचा, की आदिंक्राचं, म्हणजे अकानांच्या पारंपरिक नक्षीचं, चिन्ह उमटतं. मयतासाठी कुन्तुनकुनी नावाचं गडद तपकिरी कापड मागा. केंटे मात्र बोनविरे गावात घ्या, आणि तो लग्नासाठी ठेवा.

जाताना पाकिटात अहेरासारखे थोडे पैसे न्या. टेबलावर देणगी घेतात, पावती देतात आणि तुमचं नाव लाउडस्पीकरवर पुकारतात, दचकू नका. रांगेतल्या लोकांशी हस्तांदोलन तुमच्या उजवीकडून सुरू करून डावीकडे जात करायचं, आणि उजव्याच हाताने. डाव्या हाताचं त्यांच्याकडेही आपल्यासारखंच आहे.

आईचं वय कळलं की इथे लिहा, मग कुर्त्याचं बघू.