पावसाच्या शेवटी होणाऱ्या सायक्लोक्रॉस शर्यतीत पहिल्यांदाच उतरतोय, तयारी काय करू?

तुम्ही फोंड्याचे, दोन वर्षं फक्त डांबरी रस्त्यावर सायकल चालवलीत. आता दसऱ्याच्या आधी मित्रमंडळी सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, सायक्लोक्रॉसच्या (चिखल, गवत, अडथळे यांतून फेऱ्या मारायच्या सायकल शर्यतीच्या) धर्तीवर शर्यत घेणार आहेत आणि पाय थकलेले असताना उतरावं का, असं विचारताय. उतराच. मी डिचोलीकडचा. आमच्या मित्रांच्या अशाच घरगुती शर्यतीत चार वर्षं भाग घेतोय, त्या अनुभवावरून सांगतो.

मूळ खेळ युरोपातला. रस्त्यावरचा हंगाम संपत आला की सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतो. पहिली जागतिक स्पर्धा 1950 मध्ये पॅरिसला झाली. बायकांना मात्र त्यासाठी 2000 सालापर्यंत थांबावं लागलं, ही गोष्ट मला अजून खटकते. अडीच ते साडेतीन किलोमीटरची फेरी, वरच्या गटातल्या पुरुषांना साधारण तासभर, टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद नको, वाटेत 40 सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या आडव्या फळ्या. सायकल खांद्यावर घेऊन पळणं हा खेळाचाच भाग आहे, त्यात कमीपणा नाही.

तिकडे जानेवारीत सकाळी जमीन गोठलेली असते आणि दुपारपर्यंत तिचा चिखल होतो. आपल्याकडे पावसाळा संपताना उलट होतं. चिखल वाळायला लागतो, आणि सगळी शर्यत त्या वाळत्या चिखलावर ठरते.

माशेलचा चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, आषाढात होतो, तेव्हाचा चिखल पातळ. तो चाकाला लागतो आणि गळून जातो. चवथ होऊन पंधरा-वीस दिवस गेले की तीच लाल माती मळलेल्या कणकेसारखी होते. दुसऱ्या वर्षी पाचव्या फेरीत मी तशा पट्ट्यात पेडल मारत राहिलो. आधी ब्रेकपाशी माती साचली, मग फ्रेम आणि टायरमधली फट बुजली. त्यात गवत आणि सुकी पानं अडकली आणि मागचं चाक फिरेनासं झालं. कुंपणाची काठी मोडून मी माती खरवडत बसलो, तोवर सहाजण पुढे गेले. ते सगळे चिखलाच्या दहा पावलं आधीच उतरले होते आणि सायकल खांद्यावर घेऊन कडेच्या गवतावरून पळाले होते. त्यांची चाकं कोरडी राहिली. सायकल हातात धरून ढकललीत तरी चाक माती गोळा करतंच, म्हणून उचलायचीच.

त्यामुळे उरलेल्या दिवसांत लांब राइड सोडा आणि रोज अर्धा तास मैदानावर सायकलवर चढण्या-उतरण्याचा सराव करा. डावीकडेच उतरायचं, कारण साखळी उजवीकडे असते. उजवा पाय मागून फिरवून डाव्या बाजूला आणा, उजवा हात आडव्या नळीवर, डावा हँडलवर. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना डावा लिव्हर मागच्या ब्रेकचा असतो, ते इथे सोयीचं पडतं: एका हाताने ब्रेक दाबला तरी पुढचं चाक अडून सायकल उलटत नाही. तुमच्या सायकलीला तसंच आहे ना, ते आधी बघून घ्या. सुरुवातीला चालत चालत करा, वेग आपोआप येतो.

नवी सायकल घेऊ नका. 33 मिलिमीटरची अट मूळ खेळाची; आपल्या घरगुती शर्यतीसाठी फ्रेममध्ये मावतील तेवढे रुंद, खाचांचे टायर घाला आणि हवा कमी करा. माझं वजन 68 किलो, टायर 38 मिलिमीटरचे, आत ट्यूब; मी हवेचा दाब 32 पीएसआय ठेवतो. त्याहून खाली गेलो की चिऱ्याच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होते. रस्त्यावरच्या सवयीने 80 भरलीत तर सड्यावरच्या शेवाळावर पहिल्याच वळणाला सायकल निसटेल. ते काळपट, ओलं शेवाळ दिसलं की ब्रेक आधी मारा, त्याच्यावर गेल्यावर नको.

परतीचा पाऊस दुपारी गडगडाट करत येतो. वीज दिसली की उघड्या सड्यावर थांबू नका, शर्यत अर्धी राहिली तरी चालेल.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. पायाला जखम असेल तर ती नीट झाकून चिखलात उतरा आणि नंतर साबणाने स्वच्छ धुवा. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पसरतो आणि तो ओल्या मातीत टिकतो. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरला चिखलात उतरल्याचं पहिल्याच भेटीत सांगा. साधा ताप समजून घरी पॅरासिटामॉल घेत बसू नका.

तुमचं वजन, टायरची रुंदी आणि तिथली माती कशी आहे ते लिहा, म्हणजे हवेचा अंदाज अजून नेमका सांगता येईल.